वजनं आठ, फॅट नऊ: दूध केंद्राच्या बिलात सरकलेली ओळ

दूध संकलन केंद्रावर दोन यंत्रं शेजारी शेजारी असतात. इलेक्ट्रॉनिक काट्याला जोडलेल्या संगणकात सभासद कोड आणि लिटर नोंदले जातात. मिल्क ॲनालायझर फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आणि पाण्याचं प्रमाण मोजून सिरीयल केबलवरून एक ओळ पाठवतो. त्या ओळीत सभासद कोड नसतो. ॲनालायझरला नमुना दिसतो, माणूस नाही. पाळी संपली की दोन याद्या हातात असतात, एक वजनांची आणि एक रीडिंगची. बिल काढायला त्या एकमेकींशी जोडाव्या लागतात.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत हे काम करणारं फंक्शन म्हणजे झिप. पहिल्या यादीतला पहिला घटक दुसरीतल्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी, अशा जोड्या ते लावत जातं. केंद्राच्या प्रोग्रामचा गाभा दोन ओळींचा (पायथॉनची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना मूळ रोमन स्पेलिंग):

फॉर (कोड, लिटर), फॅट इन झिप(वजने, रीडिंग):
    रक्कम = लिटर * दर(फॅट)

या दोन ओळींमुळे बिलं कशी चुकतात, ते आठ नोंदींच्या एका पाळीवर दाखवता येतं. पाळी आणि दर हिशेबासाठी रचलेले आहेत आणि एसएनएफ बाजूला ठेवलं आहे, पण इथली प्रत्येक चूक अशा मांडणीत खरोखर घडते.

वजनांची यादी अशी: कोड ११२ चे ६.२ लिटर, ८७ चे ११.५, ४५ चे ४.०, २०३ चे ८.४ (म्हैस), १९ चे १४.०, १५० चे ५.६, ६६ चे ९.८ आणि ३१ चे ७.० लिटर. एकूण ६६.५ लिटर.

रीडिंग अशी: ३.६, ४.१, ४.२, ३.५, ६.८, ३.९, ३.७, ४.४, ३.५. मोजली तर नऊ.

जादा रीडिंग कुठून आलं, हे केंद्रावर उभं राहिलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. ८७ नंबरच्या सभासदाला ४.१ कमी वाटली, तो म्हणाला पुन्हा लावा, सचिवांनी तोच नमुना परत लावला आणि ४.२ आली. केंद्राचा नियम असा की शेवटचं रीडिंग धरायचं. पण ॲनालायझरने दोन्ही रीडिंग पाठवली आणि प्रोग्रामने दोन्ही यादीत घातली.

आता झिप काय करतं बघा. ११२ ला ३.६ मिळते, बरोबर. ८७ ला जुनी ४.१ मिळते. पुढे सगळं एक घर सरकतं. ४५ ला ८७ ची ४.२ जाते. २०३ च्या म्हशीच्या दुधाला ४५ च्या गाईची ३.५ लागते. १९ च्या गाईला म्हशीची ६.८. १५० ला ३.९, ६६ ला ३.७, ३१ ला ४.४. शेवटचं ३.५ हे रीडिंग उरतं, आणि झिप ते काही न बोलता टाकून देतं. आखूड यादी संपली की थांबायचं, हा त्याचा ठरलेला स्वभाव आहे. एरर नाही, इशारा नाही. आठ सभासद, आठ पावत्या, स्क्रीनवर सगळं सुरळीत.

पैशात हे किती होतं? समजा दर असा: गाईचं दूध ३.५ फॅटला ३० रुपये लिटर आणि पुढच्या प्रत्येक ०.१ ला ३० पैसे. म्हशीचं ६.० ला ५० रुपये आणि प्रत्येक ०.१ ला ८० पैसे. फॅट ५ च्या वर गेली की प्रोग्राम म्हशीचा दर धरतो. या दराने २०३ चे खरे ४७३.७६ रुपये व्हायला हवेत, मिळतात २५२.००. म्हणजे एका पाळीत २२१.७६ रुपये तोटा. १९ ला ४३६.८० ऐवजी ७८९.६० मिळतात, ३५२.८० जादा. बाकीच्यांचे फरक छोटे आहेत: ४५ ला ८.४०, १५० ला ३.३६ आणि ३१ ला १८.९० जादा, ६६ ला २०.५८ आणि ८७ ला ३.४५ कमी. पाळीची खरी रक्कम २,२८९.३९ आहे, प्रोग्राम दाखवतो २,४२७.०६. फरक १३७.६७ रुपये.

या पाळीत म्हैस होती म्हणून चूक उघडी पडेल. २०३ चा सभासद पावती बघून जागेवरच भांडेल. सगळ्या गाई असत्या तर फरक तीन रुपये ते वीस रुपये एवढेच राहिले असते. इतक्या फरकाला सभासद ‘आज फॅट कमी लागली’ म्हणून घरी जातो आणि वैरणीला दोष देतो. म्हणजे ही चूक वर्षानुवर्षं चालू राहू शकते, आणि दर वेळी वेगळ्या माणसाच्या खिशातून.

पहिली दुरुस्ती स्वस्त आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या पायथॉन ३.१० पासून झिपला स्ट्रिक्ट=ट्रू असा पर्याय देता येतो. याद्यांची लांबी जुळली नाही तर तो व्हॅल्यूएरर देतो आणि दुसरा आर्ग्युमेंट (म्हणजे दुसरी दिलेली यादी) पहिल्यापेक्षा लांब आहे की आखूड, तेही सांगतो. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून हा पर्याय आपोआप लागू होत नाही, दर ठिकाणी हाताने लिहावा लागतो. रफ या पायथॉनचा कोड तपासणाऱ्या प्रोग्रामचा बी९०५ हा नियम चालू केला, तर स्ट्रिक्ट न लिहिलेलं प्रत्येक झिप तो दाखवतो. जुन्या प्रोग्रामची झाडाझडती इथून सुरू करावी.

मात्र स्ट्रिक्टबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. तो आधी लांबी मोजत नाही. मोजू शकतच नाही, कारण झिपला दिलेली गोष्ट पूर्ण यादी असेलच असं नाही, ओळ ओळ वाचली जाणारी फाइलही असू शकते. म्हणून तो जोड्या देत राहतो आणि एक बाजू संपल्यावरच ओरडतो. आपल्या पाळीत एरर येईपर्यंत आठही जोड्या बाहेर पडलेल्या असतात. फॉरच्या आतच पावती छापत असाल किंवा खात्यात रक्कम चढवत असाल, तर आठ चुकीच्या पावत्या निघून मग प्रोग्राम थांबेल. उपाय: आधी लिस्ट(झिप(वजने, रीडिंग, स्ट्रिक्ट=ट्रू)) अशी पूर्ण यादी करून घ्यायची, ती झाली तरच पुढे जायचं. डेटाबेसमध्ये लिहायचं असेल तर पूर्ण पाळी एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं लिहिलं जाईल किंवा काहीच नाही.

एरर आली की घाईत केला जाणारा चुकीचा उपाय म्हणजे पायथॉनसोबत येणाऱ्या इटरटूल्समधलं झिप_लाँगेस्ट. ते लांब यादी संपेपर्यंत चालतं आणि आखूड बाजूला ठरवलेली किंमत भरतं, न सांगितल्यास नन. इथे भरायची किंमत (०, ०) दिली (कोड आणि लिटर अशा दोन जागा भरायच्या असल्याने नुसत्या शून्याने एरर येते) की नववी जोडी ‘शून्य लिटर, ३.५ फॅट’ अशी होते, रक्कम शून्य. एरर गेली, एकही रीडिंग वाया गेलं नाही, आणि वरचे सगळे चुकीचे आकडे जसेच्या तसे. उलट बाजूने, रीडिंग कमी असतील आणि भरायची किंमत शून्य दिली असेल तर शेवटच्या सभासदाला शून्य फॅट लागते आणि त्याचं दूध रिजेक्ट दिसतं, प्रत्यक्षात केबल निघालेली दुसऱ्याच कोणाच्या वेळी असते. झिप_लाँगेस्टचं खरं काम वेगळं आहे: ज्या याद्या मुळातच असमान असतात, जसं दोन रकाने शेजारी छापणं, तिथे ते चोख आहे.

आता या प्रकरणाचा खरा तिढा. त्याच पाळीत आणखी एक गोष्ट घडली असं धरा. १५० चा नमुना लावताना वीज लपकली आणि ३.७ हे रीडिंग पोचलंच नाही. आता रीडिंग अशी: ३.६, ४.१, ४.२, ३.५, ६.८, ३.९, ४.४, ३.५. आठ. वजनंही आठ. स्ट्रिक्ट समाधानी, एरर नाही. जोड्या लावल्या तर ११२ बरोबर, ६६ बरोबर, ३१ बरोबर. ८७ ला जुनं रीडिंग, आणि मधले ४५, २०३, १९ व १५० चौघेही चूक. याद्या जुळल्या का हे बघायला लोक पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन ओळी डोळ्यांखालून घालतात. इथे ती तपासणी जवळजवळ पूर्ण पास होते.

म्हणजे लांबी समान असणं ही जोडी बरोबर असल्याची खूण नव्हे. झिपला क्रमांकापलीकडे काहीच कळत नाही. ‘दोन्ही याद्यांतली पाचवी ओळ एकाच दुधाची आहे’ हे वचन प्रोग्रामबाहेर कोणीतरी पाळायचं असतं, आणि दोन स्वतंत्र यंत्रांवर, सकाळी सहाच्या गर्दीत, ते कोणी पाळू शकत नाही. पुन्हा लावलेला नमुना, पाळीच्या सुरुवातीला सफाईच्या पाण्याचं लागलेलं रीडिंग, काट्यावर चुकून दोनदा दाबलेलं बटण, वजन करून नमुना न देताच निघून गेलेला पोरगा: यातलं प्रत्येक कारण एक ओळ वाढवतं किंवा कमी करतं.

म्हणून इथे झिप काढून टाकायचं आणि किल्लीवर जोडायचं. तारीख, पाळी, सभासद कोड, गाय की म्हैस आणि कॅन क्रमांक मिळून किल्ली होते. कॅन क्रमांक विसरू नका, दोन कॅन आणणारे सभासद असतातच. किल्ली रीडिंगच्या बाजूलाही हवी, आणि ती ॲनालायझर देत नसेल तर रीडिंग स्वीकारणाऱ्या प्रोग्रामने लावायची. वजन नोंदलं की बाटलीवर अनुक्रमांक, नमुना लावताना तोच क्रमांक कीपॅडवर, आणि क्रमांक टाकल्याशिवाय आलेलं रीडिंग ‘बेवारस’ म्हणून वेगळ्या यादीत. दर सभासदामागे दोन-तीन कळा जास्त दाबाव्या लागतात. सचिव कुरकुर करतील, पण याला सॉफ्टवेअरमधून पळवाट नाही.

मग रीडिंगची डिक्शनरी करायची, म्हणजे किल्ली दिली की तिची किंमत देणारी यादी. इथे दुसरा सापळा आहे. डिक्ट(झिप(किल्ल्या, रीडिंग)) लिहिलं आणि एक किल्ली दोनदा आली, तर नंतरची किंमत आधीचीला पुसून टाकते, तेही मुकाट्याने. ८७ च्या पुन्हा लावलेल्या नमुन्यासाठी नेमकं हेच हवं आहे, शेवटचं रीडिंग उरतं. पण वजनांच्या बाजूला तीच युक्ती वापरली आणि किल्लीत कॅन क्रमांक नसला, तर दुसऱ्या कॅनचं वजन पहिल्या कॅनला गिळतं. सभासदाचे अकरा लिटर गायब. म्हणून वजनांची डिक्शनरी केल्यावर तिची लांबी मूळ यादीइतकीच आहे ना, हे लगेच तपासायचं. रीडिंगच्या बाजूला पुसलं गेलेलं प्रत्येक रीडिंग नोंदवहीत ठेवायचं. उद्या सभासदाने विचारलं की पहिली फॅट किती होती, तर दाखवता आलं पाहिजे.

यानंतर दोन्ही बाजूंच्या किल्ल्यांचे सेट करून वजाबाकी करायची. वजन आहे पण रीडिंग नाही, ही एक यादी. रीडिंग आहे पण वजन नाही, ही दुसरी. या याद्यांत नाव नसलेल्यांचंच बिल. वीज लपकलेल्या पाळीत पहिल्या यादीत फक्त १५० येईल आणि बाकी सातजणांची बिलं अचूक निघतील. चूक एका माणसापुरती उरते आणि तिला नाव असतं.

पांडाज या पायथॉनच्या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत हेच काम मर्ज करतं. हाऊ='आउटर' दिलं की कुठल्याच बाजूची ओळ गळत नाही, इंडिकेटर=ट्रू दिलं की प्रत्येक ओळ डावीकडची, उजवीकडची की दोन्हीकडची हे सांगणारा कॉलम मिळतो, आणि व्हॅलिडेट='वन_टू_वन' दिलं की किल्ली दुहेरी असल्यास एरर येते. तिन्ही एकदम वापरावेत. पुन्हा लावलेले नमुने मात्र मर्जच्या आधीच निकालात काढावे लागतात, नाहीतर ही एरर रोज येईल आणि कोणीतरी वैतागून व्हॅलिडेट काढून टाकेल.

पाळीअखेरची एक तपासणी प्रोग्रामबाहेरून मिळते. लिटर गुणिले फॅट यांची बेरीज भागिले एकूण लिटर, म्हणजे सरासरी फॅट. आपल्या पाळीत खऱ्या जोड्यांनी ती ४.२८ येते, सरकलेल्या जोड्यांनी ४.५१. सगळं दूध एकाच टाकीत जात असेल तर टाकीच्या नमुन्याची फॅट ४.३ च्या आसपास लागेल आणि ४.५१ लगेच खटकेल. फक्त या तपासणीवर विसंबू नये. सगळी गाईची दुधं असतील आणि मापं सारखी असतील, तर जोड्या कितीही सरकल्या तरी सरासरी फारशी हलत नाही.

झिप पुरतं हद्दपार करायचं असा याचा अर्थ नाही. एकाच यादीतून काढलेले दोन कॉलम, एकाच लूपमध्ये भरलेल्या दोन याद्या, तिथे ते योग्यच आहे, स्ट्रिक्ट लावून. पण तिथेही काही ठेचा लागतात. पायथॉन ३ मध्ये झिप यादी देत नाही, एकदाच वाचता येणारी धार देतं. पहिल्या फॉरमध्ये बेरीज केली आणि त्याच झिपवर दुसरा फॉर लावून पावत्या छापायला गेलात, तर एकही पावती निघत नाही, एररही नाही. पायथॉन २ मधून आणलेल्या प्रोग्राममध्ये हे हमखास सापडतं, कारण तिथे झिप सरळ यादी देत असे. दुसरी ठेच: वजनांची फाइल थेट पहिला आर्ग्युमेंट म्हणून दिली आणि रीडिंग आधी संपली, तर झिपने वजनाची पुढची ओळ उचललेली असते, मग जोडीदार नाही म्हणून सोडून दिलेली असते. फाइल तिथून पुढे वाचायला घेतली की ती एक ओळ कायमची हरवलेली. तिसरी: झिप(*ओळी) वापरून तक्ता आडवा-उभा फिरवताना एका ओळीत एसएनएफचा शेवटचा रकाना नसेल, तर सगळ्याच ओळींचा एसएनएफ गळतो. स्ट्रिक्ट इथेही लावावा. एक अपवाद: शेजारच्या दोन पाळ्यांची तुलना करायला झिप(यादी, यादी[१:]) लिहितात, तिथे लांबी मुद्दामच एकाने कमी असते. तिथे ३.१० पासूनचं पेअरवाइज वापरणं स्वच्छ. आणि झिपऐवजी मॅपला दोन याद्या देणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की मॅपला स्ट्रिक्ट पायथॉन ३.१४ मध्ये आला, त्याआधीचं मॅप मुकाट्यानेच थांबतं.

केंद्राचा प्रोग्राम दुसऱ्या भाषेत असेल तर आजार तोच, लक्षणं वेगळी. सी-शार्प, रस्ट, कोटलिन आणि हॅस्केलमधलं झिप आखूड यादीशी थांबतं. रुबीमध्ये ज्या यादीवर झिप चालवलं तिची लांबी धरली जाते आणि कमी पडेल तिथे निल भरलं जातं. ओकॅमलचं लिस्ट.कंबाइन लांबी जुळली नाही की चूक दाखवून थांबतं, आणि पैशाच्या कामाला हाच स्वभाव बरा. आर सर्वांत धोक्याची: आखूड यादी संपली की ती पहिल्यापासून पुन्हा वापरते, आणि लांब यादी तिच्या पटीत असेल तर इशाराही देत नाही. आठ वजनं आणि चार रीडिंग दिली, तर पाचव्या सभासदाला पहिल्याची फॅट लागेल. पांडाजमध्ये दोन सिरीज (म्हणजे कॉलम) गुणल्या तर क्रमांकाऐवजी इंडेक्स, म्हणजे ओळींची लेबलं, जुळवला जातो. इंडेक्स सभासद कोड असेल तर हे वरदान. नुसता ०, १, २ असेल तर झिपचीच चूक नव्या वेषात.

उरला मागचा हिशेब. जुन्या फाइलींत किल्ली नाही, मग सरकलेल्या पाळ्या सुधारायच्या कशा? दोन्ही फाइलींत वेळ असेल तर तिथून सुरुवात. दोन घड्याळांत फरक असतो, नमुना लागायलाही वेळ जातो, पण नेमका फरक माहीत असायची गरज नाही. गाईंच्या पाळीतली एकुलती म्हैस खुंटा म्हणून वापरायची: काट्यावर तिची वेळ ६:४१:१० आणि ६.८ रीडिंगची ६:४२:२५ असेल, तर अंतर ७५ सेकंद. तेवढं वजा करून पांडाजचं मर्ज_एसॉफ, डिरेक्शन='नियरेस्ट' दिलं की, जवळच्या वेळेवर जोड्या लावतं. दोन्ही बाजू वेळेनुसार लावलेल्या हव्यात आणि टॉलरन्स (जोडी लावताना चालणारं जास्तीत जास्त अंतर) दोन नोंदींमधल्या नेहमीच्या अंतराच्या निम्म्याहून कमी ठेवायचा. मर्ज_एसॉफ एकच रीडिंग दोन वजनांना देऊ शकतं, म्हणून नंतर दुहेरी वापर तपासायचा. बाटल्या रांगेत ठेवून सगळे नमुने शेवटी लावत असतील तर वेळ निरुपयोगी.

मग उरतो क्रम आणि सभासदाची सवय. प्रत्येकाची मागच्या दहा दिवसांची सरासरी फॅट घ्यायची, आणि क्रम न मोडता, कुठलं रीडिंग वगळलं तर एकूण तफावत सर्वांत कमी होते ते शोधायचं. प्रथिनांच्या साखळ्या जुळवण्यासाठी १९७० मध्ये नीडलमन आणि वुन्श यांनी मांडलेली पद्धत इथे जशीच्या तशी चालते. समजा सरासरी अनुक्रमे ३.६, ४.२, ३.५, ६.७, ३.९, ३.७, ४.३, ३.५ आहेत आणि एक ओळ वगळण्याचा दंड ०.५. नऊ रीडिंगच्या पाळीत शेवटचं रीडिंग वगळलं (म्हणजे झिपने जे केलं) तर तफावत ९.१ येते. ४.२ वगळलं तर ०.८, ४.१ वगळलं तर ०.७. शेवटच्या दोन्ही उत्तरांत बाकी सातजण अचूक बसतात, वाद फक्त ८७ च्या ३.४५ रुपयांचा उरतो, आणि ‘शेवटचं रीडिंग धरायचं’ हा नियम तो सोडवतो. सहसा असंच होतं: शेजारची रीडिंग इतकी सारखी असतात की पद्धत गोंधळते, तिथे जोडी चुकली तरी फरक थोड्या रुपयांचा असतो. दंड फार कमी ठेवला तर मात्र खरोखर घसरलेली फॅटसुद्धा ‘हरवलेलं रीडिंग’ ठरवली जाते, म्हणून उत्तर सचिवांनी बघून मान्य केल्याशिवाय खात्यात जाऊ देऊ नये.

दिलेली बिलं बदलायची नाहीत. फरकाची रक्कम पुढच्या दहा दिवसांच्या बिलात वेगळ्या ओळीत, तारीख आणि पाळी लिहून दाखवायची. २०३ ला २२१.७६ रुपये जमा. १९ कडून ३५२.८० रुपये वसूल करायचे की केंद्राने सोसायचे, हे संचालक मंडळाने ठरवायचं.